अकरा नंबरचं रक्त

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते म्हटलं की परभणीत अजूनही कुणीतरी विचारतं, "म्हणजे टायपिंग का?" पूर्वी मी चिडून समजावून सांगायची. आता "हो" म्हणते आणि मोकळी होते. खरं काम असं, की जिल्ह्यातल्या रक्त-लघवी तपासणाऱ्या लहान लॅबना लागणारं सॉफ्टवेअर मी घरी बसून बनवते. पेशंटचं नाव घालायचं, मशीनमधून आकडे आपोआप यायचे आणि शेवटी सुबक रिपोर्ट छापून निघायचा. सगळं त्याच टेबलावरच्या संगणकात असतं, त्यामुळे नेट गेलं तरी काम अडत नाही. आमच्या भागात हे असंच लागतं.

या धंद्यात बिघाड रोजचेच. प्रोग्रॅम उघडत नाही, तर बहुतेक वेळा तो अँटीव्हायरसने गिळलेला असतो. तारीख चुकते, तर संगणकाच्या पोटातला बटणाएवढा सेल संपलेला असतो. प्रिंट निघत नाही, तर प्रिंटर बंद असतो, आणि तो बंद आहे हे सांगितलेलं कुणाला आवडत नाही. "मॅडम, हँग झालंय" एवढ्यात लोक सगळे आजार बसवतात. मी विचारते, "आधी काय बदललं ते सांगा." उत्तर ठरलेलं, "कायच न्हाई." मग मी वैतागते, ओरडते, शेवटी दुरुस्त करते. वैताग मला अंगवळणी पडलेला आहे. भीती नव्हती. ती त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कळली.

सकाळी सोनपेठहून फोन आला. तिथले एक लॅबवाले माझं सॉफ्टवेअर वापरतात. शांत माणूस, घाईतसुद्धा सावकाश बोलणार.

"मॅडम, कालचा एक रिपोर्ट गडबड आलाय बगा. आमच्या गल्लीतले गुरुजी हायेत, नुसता बारीक ताप. त्यांच्या प्लेटलेट बावीस हजार छापून आल्या. डॉक्टर म्हनले हे पटंना, परत तपासा. आज परत रगत घेऊन मशीनच्या पडद्यावरच बघितलं तर सव्वादोन लाख."

प्लेटलेट म्हणजे रक्त वाहायचं थांबवणाऱ्या पेशी. दीड लाखाच्या वर असल्या की माणूस निर्धास्त. वीस-बावीस हजारांवर आल्या की डॉक्टरांची धावपळ सुरू होते. पाऊस सरताना डेंग्यूचा ताप पसरतो, तेव्हा हा हिशेब आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

"मशीन तपासून घ्या," मी म्हणाले.

"मशीनवाल्याला इचारलं. तो म्हनतो सॉफ्टवेअर बगा."

हे नेहमीचंच. मशीनवाला माझ्याकडे बोट दाखवतो, मी मशीनवाल्याकडे. मी घरूनच त्यांचा संगणक माझ्या स्क्रीनवर उघडला आणि तपासला. प्रोग्रॅम ठणठणीत. कुठे चूक झाली की तो लाल अक्षरात नोंद करतो. ती पाटी कोरी होती. गुरुजींचं नाव बरोबर, वय बरोबर, आकडा मशीनकडूनच आलेला. लाल अक्षरात काहीतरी दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. एखादा चुकार आकडा असेल असं त्यांना सांगून मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या उरल्या होत्या. तव्यावर एक टाकली, तूप सोडलं, आणि एकदम लक्षात आलं. ते बावीस हजार काही आभाळातून पडलेले नाहीत. मशीनने कुणाचं तरी रक्त मोजलं, म्हणून तो आकडा आला. गुरुजींचं रक्त तर चांगलं होतं. मग हे कुणाचं? आणि ज्याचं आहे, त्याच्या हातात कोणता कागद गेला?

पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि फोन लावला.

"काल बावीस हजार आणखी कुणाचे आलेत का?"

"न्हाई मॅडम. बाकी सगळे नॉर्मल."

"म्हणजे ज्याचे आहेत त्याला तुम्ही नॉर्मल सांगून घरी पाठवलंय."

मग ते म्हणाले, "अगाई."

"कालच्या ट्यूब आहेत ना? सगळ्या परत लावा."

"सकाळीच कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

त्यांना लॅब बंद ठेवायला सांगून मी सोनपेठची एसटी धरली. त्या प्रवासात मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते, माझ्या बाळंतपणातसुद्धा नाही. तिथे जे होणार होतं ते माझं मला होणार होतं. इथे माझ्या हातून कुणाचं तरी काहीतरी होत होतं, आणि तो माणूस कोण हेच मला माहीत नव्हतं. पुढच्या सीटवर एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती. तिला ताप असेल का, असं माझ्या मनात आलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मग कंडक्टरकडे. गंगाखेडला गाडी थांबली तेव्हा मी चहालासुद्धा उतरले नाही. डोळे मिटून मी माझाच प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून मनात वाचत गेले. चूक सापडावी असंही वाटत होतं, आणि सापडू नये असंही.

लॅबच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, अजून टवटवीत. आत टेबलावर दोन मशीन शेजारी शेजारी. एक जुनं, एक याच पावसाळ्यात घेतलेलं. तापाचे पेशंट वाढले की दोन्ही चालवायची. लॅबवाले उभे होते आणि त्यांची बायको काउंटरवर. पेशंटची नावं संगणकात या वहिनीच घालतात.

"काय बदललं?" मी चपला काढता काढताच विचारलं.

"कायच न्हाई," दोघंही एकदम म्हणाले.

"विंडोजचं अपडेट? लाईट गेली होती? नवी वायर?"

"न्हाई हो मॅडम. जसंच्या तसं हाय सगळं."

माझा आवाज चढला. घाबरले की माझा आवाज चढतो, तो मला आवरत नाही. मी म्हणाले, काहीतरी बदलल्याशिवाय असं होत नाही, आठवून सांगा. वहिनींचा चेहरा एवढासा झाला, पण उत्तर तेच. मग मी लॅबवाल्यांनाच त्यांचं स्वतःचं रक्त काढायला लावलं आणि ते जुन्या मशीनला द्यायला सांगितलं. मशीन गुरगुरलं. संगणकाच्या स्क्रीनवर आकडे आले. ते जुन्या मशीनच्या रकान्यात यायला हवे होते. ते नव्याच्या रकान्यात येऊन बसले.

मी टेबलाखाली वाकले. दोन सारख्याच करड्या वायरी दोन्ही मशीनकडून संगणकाच्या मागे गेलेल्या. त्यांच्यात झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. संगणकाच्या डब्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. वायरींच्या टोकाच्या छोट्या डब्यांनाही एकेक टिकली लावलेली.

"हे काय?"

"पूजा," वहिनी म्हणाल्या. "दसऱ्याची. काल सकाळी सगळं काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, वायरी पुसल्या, परत लावल्या. दरवर्षी करतो की."

त्या खोटं बोलत नव्हत्या. वर्षानुवर्षं दसऱ्याला आम्ही सगळे हेच करतो. शेतकरी औतं पुसतो, शिंपी मशीन पुसतो, लॅबवाले मशीन पुसतात. पूजेला 'बदल' कोण म्हणेल? मी स्वतः आदल्या दिवशी माझ्या लॅपटॉपला कुंकू लावून वर आपट्याचं पान ठेवलं होतं. फोनवर हजार गोष्टी विचारल्या, ही विचारावी असं माझ्याही डोक्यात आलं नाही. मागच्या वर्षापर्यंत मशीन एकच होतं, त्यामुळे वायर कुठेही खोचली तरी चालून जायचं. यंदा दोन होती, आणि दोन वायरींची अदलाबदल झाली होती.

संगणकाला मशीन दिसत नाही. त्याला फक्त भोक कळतं. या भोकातून येईल ते जुन्या मशीनचं, त्या भोकातून येईल ते नव्याचं, असं मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेलं. मशीनला तरी पेशंटचं नाव कुठे कळतं? त्याला नंबर कळतो, आणि दोन्ही मशीनचे नंबर रोज सकाळी एकपासून सुरू होतात. म्हणजे जुन्याच्या पाच नंबरचा आकडा नव्याच्या पाच नंबरला गेला होता आणि नव्याचा जुन्याला. दिवसभराचे सगळेच रिपोर्ट एकमेकांच्या घरी गेले होते. बहुतेकांचे आकडे चांगले होते, म्हणून कुणालाच पत्ता लागला नाही.

गुरुजी नव्या मशीनवर अकरा नंबरला होते. मी जुन्या मशीनचा छोटा पडदा मागे मागे सरकवत नेला. अकरा नंबर. बावीस हजार. आता संगणकात जुन्या मशीनचा अकरावा पेशंट उघडायचा होता. तो उघडायला मला धीर होईना. लॅबवाल्यांनीच माऊस दाबला.

एक बाई. वय चोवीस. गोदावरीकाठचं एक गाव. मोबाईलच्या जागी दहा वेळा नऊ.

"हा काय नंबर आहे?" मी ओरडले.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांच्याकडं फोन न्हवता. अन् नंबर टाकल्याबिगर तुमची ती लाल चौकट फुडं जाऊच देत न्हाई. म्हनून आमी तसं टाकतो."

ती लाल चौकट मी मोठ्या हौसेने बसवली होती. पेशंटला कधी तातडीने बोलवायची वेळ आली तर नंबर हवा, म्हणून सक्ती केली होती. आता ती वेळ आली होती आणि माझ्यासमोर दहा नऊ होते.

"ती टोळीवाली," वहिनींना एकदम आठवलं. "ऊसतोडीला जायलेत ते. आजच जायचंय म्हनत होता नवरा. चार दिसाचा ताप हाय, रिपोर्ट चांगला आला तर नेतो, न्हाईतर हिला मागं ठेवतो म्हनला. मी म्हनलं, चांगला हाय, जावा बिनघोर." एवढं बोलून त्या तोंडाला पदर लावून खाली बसल्या.

बाकीच्या पेशंटना फोन लावायचं काम त्यांच्यावर टाकून आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. लॅबवाले कधी वेगाने गाडी चालवत नसावेत. त्या दिवशी खड्डेसुद्धा चुकवत नव्हते. एकदाच म्हणाले, "मॅडम, टोळी एकदा हायवेला लागली की कुठल्या कारखान्यावर उतरंल, कुनाला मालूम." दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला होता. मी मनातल्या मनात त्या बाईशी बोलत होते. नुसतं म्हणत होते, थांब, निघू नको.

ट्रॅक्टर गावाच्या फाट्यावर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. भांडी, बाजा, ताडपत्र्या, कोंबड्यांची डालगी, बांधलेली शेळी, आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसं. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून तंबाखू मळत होता. लॅबवाले ट्रॅक्टरच्या पुढे मोटरसायकल आडवी घालून उतरले.

ती मागच्या ट्रॉलीत गोधड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती. आमच्याकडे बघितलं, पण नजर थांबत नव्हती. नवरा खाली उतरला. तरुण, काटक. लॅबवाल्यांना ओळखून हसला. "तुमी इकडं कुठं, डॉक्टर?"

लॅबवाल्यांनी सांगितलं. रिपोर्ट बदलला गेलाय, हिच्या पेशी लय कमी हायेत, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यावं लागंल. नवरा ऐकत राहिला. मग त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला आणि उलगडला. माझा रिपोर्ट. वरची निळी पट्टी माझी, आकड्यापुढचं हिरवं 'नॉर्मल' माझं.

"ह्याच्यावर तर चांगलं लिवलंय."

"तो चुकलाय," मी म्हणाले.

"छापलेला हाय की. नाव हाय, गाव हाय." त्याने बोट ठेवून दाखवलं. "ह्यो खोटा असंल, तर तुमी आता तोंडी सांगायलात ते खरं कशावरून?"

मी म्हणाले, "हा कागद मीच बनवलाय. मी सांगते, यावर विश्वास ठेवू नका." त्याने मला खालून वर बघितलं. ट्रॉलीतून कुणीतरी ओरडलं, चला, उशीर व्हायलाय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती उतरली तर कोयता, म्हणजे ती जोडी, मोडणार, हे त्यालाही कळत होतं आणि टोळीलाही. टोळी नेणारा मुकादम पुढच्या ट्रॉलीतून उतरून आमच्याकडे यायला लागला. मला वाटलं, आता गेलं सगळं हातातून.

तेवढ्यात तीच उठली. ट्रॉलीच्या कडेला धरून एक पाय खाली सोडला. तोल जायला लागला म्हणून मी पुढे होऊन तिला धरलं. हात तापलेला होता आणि कोपरापासून मनगटापर्यंत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. लॅबवाल्यांनी एक ठिपका अंगठ्याने दाबला, तो पुसट होईना, म्हणजे कातडीखाली रक्त झिरपत होतं; त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मला कालपासूनच कसं तरी व्हायलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "दात घासताना रगत बी आलं."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"कागदात काय न्हाई म्हनले. म्हनून गप बसले."

नवऱ्याने कागदाकडे बघितलं, तिच्या हाताकडे बघितलं, आणि ट्रॉलीतून त्यांचं एक गाठोडं खाली ओढलं. मुकादमाशी तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. माझ्या कानात नुसता ट्रॅक्टरचा धडधडाट होता.

सोनपेठला लॅबमध्ये तिचं रक्त पुन्हा घेतलं. मी संगणकाला हातच लावू दिला नाही. मशीनच्या छोट्या पडद्यावर आकडा बघितला, अठरा हजार. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि जीपने आम्ही तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. रस्ताभर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. प्रत्येक खड्ड्याला मी तिचा श्वास चालू आहे का बघत होते. पुढे बसलेल्या नवऱ्याला कळू नये म्हणून मी ते नाकाजवळ बोट न धरता, खांद्याला लागणाऱ्या उबेवरून ओळखत होते.

ती वाचली, हे सांगून टाकते. काही दिवस तिथे राहिली, बरी झाली, पुढे दोघं दुसऱ्या टोळीबरोबर गेली असं लॅबवाल्यांकडून कळलं. दोन्ही वायरींना मी वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावल्या. आता माझा प्रोग्रॅम रोज सकाळी मशीनला आधी ओळख विचारतो, आणि ओळख पटल्याशिवाय एकही आकडा घेत नाही. लाल चौकट काढून टाकली. फोन नसेल तर शेजाऱ्याचं किंवा सरपंचाचं नाव लिहायची सोय केली. एवढं सगळं केलं, तरी दसऱ्याला कुठे झेंडू दिसला की मी आधी वायरी बघते.

पण मला आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. तिला खाटेवर घेतलं होतं, सलाईन लावली होती. नवरा औषधं आणायला गेलेला. तिथल्या लॅबचा कागद आला आणि सिस्टरने तो तिच्या उशाशी ठेवला. तिने तो उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, ह्यो तरी माझाच हाय ना?"

मी कागद घेतला. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं, गाव बरोबर होतं. कालच्या कागदावरही ते सगळं बरोबर होतं. मला हो म्हणता येईना. मी तशीच उठले, लॅबची खिडकी शोधली आणि तिथल्या माणसाला तिच्या ट्यूबवरची चिठ्ठी आणि मशीनवरचा नंबर जुळवून दाखवायला लावलं. तो वैतागला. मी हात जोडले. त्याने दाखवलं. दोन्ही जुळत होतं. मी परत तिच्या खाटेपाशी आले.

"तुमचाच आहे."

"चांगला हाय का वाईट?"

"वाईट आहे. पण तुमचा आहे."

तिने कागद छातीवर ठेवला. मग हळूच विचारलं, "मंग आता दुखायलंय म्हनलं तर चालंल का?"

मी म्हणाले, चालेल. तेव्हा कुठे ती कण्हली.